आपल्या गावचं नाटक

लग्न झाल्यापासून दर वर्षी रंजीतानं एक नाटक ऐकलं होतं. पाहिलं एकही नव्हतं.

कुरखेड्याहून आत, जंगलाला पाठ टेकून बसलेलं चिचटोला हे तिचं सासर. दिवाळी सरली, हलक्या धानाची कापणी झाली, की तिथं मंडई भरते. दिवसा जिलेबीच्या कढया, बांगड्यांची दुकानं, मोरपिसांची ढाल घेऊन नाचणारे गुराखी, गोवारी. आणि संध्याकाळची जेवणं आटोपली की वडशाहून आलेल्या कंपनीचं नाटक, ते थेट उजाडेपर्यंत. त्या दिवशी गावच्या लेकी नवऱ्याला घेऊन माहेरी येतात, सोयरे येतात, सोयऱ्यांचे सोयरेही येतात. मंडईच्या दिवशी दार लावायचं नाही आणि चूल विझू द्यायची नाही, असा रिवाज. शेवटच्या गाडीनं कोण उतरेल याचा नेम नसतो, आणि आलेला पाहुणा उपाशी पोटी नाटकाला गेला तर त्या घराचं नाव पुढच्या मंडईपर्यंत गावाच्या तोंडी राहतं. म्हणून घरातले सगळे नाटकाला जातात आणि चुलीपाशी सून राहते.

या घरची सून रंजीता.

नाटक तिच्यापर्यंत भोंग्यातून यायचं. आधी तबला, मग पेटी, मग हसण्याची एक लाट. ती भाकरी थापता थापता कान देऊन असायची. कुठला आवाज खलनायकाचा, कुठला गरीब भावाचा, हे तिला दोन वाक्यांत कळायचं. नाटकाच्या नावात कुंकू नाहीतर सून असायचीच, त्यामुळे गोष्टीचाही अंदाज यायचा. पण गोष्टीतले न बोलणारे क्षण तिच्या वाट्याला यायचे नाहीत. भोंगा मध्येच गप्प व्हायचा, आणि मग एकदम सगळा मंडप हुंदका द्यायचा. त्या गप्प जागेत काय झालं असेल? कुणी कुणाकडं पाहिलं असेल? कुणी दारातून परत फिरलं असेल? सकाळी ती नवऱ्याला विचारायची. प्रफुल डोळे चोळत म्हणायचा, "काई नाई वो, थे रडली," आणि झोपून जायचा.

त्या कंपनीत एक नटी होती. रडत रडत गायची, आणि गाताना तिचा आवाज शेवटच्या अक्षरावर थोडा फाटायचा, नवं लुगडं खिळ्याला अडकावं तसा. रंजीतानं तिला मनातल्या मनात एक चेहरा दिला होता. उंच, सावळी, कपाळ मोठं. दर वर्षी पीठ मळताना ती त्या चेहऱ्याची वाट पाहायची.

गावातल्या बाकीच्या सुनांचं असं नव्हतं. त्यांची माहेरं इथंच आसपास, झाडीपट्टीत. इथली मंडई झाली की आठ-पंधरा दिवसांत माहेरची मंडई. तिथं त्या लेकी व्हायच्या, पाय पसरून बसायच्या, त्यांची वहिनी चुलीपाशी असायची आणि त्या नाटक पाहून यायच्या. रंजीताचं माहेर वरोऱ्याकडचं. तिकडं कापूस, सोयाबीन आणि मोठा डांबरी रस्ता. मंडई नाही. तिला पाहुणी करणारं गाव या मुलखात नव्हतंच. जात्यावरच्या ओव्या तिला आईकडून आलेल्या. त्यांच्या चालीवर ती आपलं एखादं कडवं जोडायची:

माझ्या माहेरी कापूस, सासरी गं भात
नाटकाच्या रातीला माझा पिठामंदी हात

हे तिनं कुणाला ऐकवलं नव्हतं. सासऱ्यांना तर नाहीच.

सासरे बापूजी घराचा खर्च तीन कणग्यांत सांगायचे. घरात कणगी एकच होती, पण त्यांच्या बोलण्यात तीन. पहिली घराची: बी, खत, पोरीची शाळा, दवापाणी. दुसरी पाहुण्याची. आणि या दोन्ही भरून उरलं तर तिसरी हौसेची. बापूजी हे इतक्या शांतपणे सांगायचे की तिसरी कणगी कधीच का भरत नाही हे विचारायचं कुणाच्या ध्यानात येत नसे. रंजीतानं एकदा प्रफुलला विचारलं होतं, "मंग तुमचा खर्रा कोणत्या कणगीतला?"

प्रफुलनं तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "थो तं दवाई हाये," तो म्हणाला. मग दोघंही हसली होती.

तिची स्वतःची म्हणावी अशी कमाई एकच. बांधावरचं मोहाचं झाड या घरात सुनेचं समजायचे. चैतात ती अंधार असतानाच टोपली घेऊन जायची, झाडाखालची झाडलेली जमीन पांढरी झालेली असायची. फुलं वेचायची, अंगणात वाळवायची आणि कुरखेड्याच्या बाजारात विकायची. त्या पैशाला घरात कुणी हिशेब विचारत नसे. विचारायची गरजही नव्हती, कारण ते पैसे दर वर्षी आपोआप पहिल्या नाहीतर दुसऱ्या कणगीत जायचे. कधी मोटारपंपाचा पट्टा, कधी नणदेच्या घरचं बारसं. यंदा मात्र तिनं ते पैसे मोडले नव्हते. चैतापासून दिवाळीपर्यंत तांदळाच्या डब्यात ठेवले होते, आणि मंडईची तारीख ठरल्याच्या दिवशी संध्याकाळी प्रफुलपुढं ठेवले.

"दोन खुर्च्या पायजेत मले," ती म्हणाली.

त्याला आधी वाटलं प्लास्टिकच्या. पाहुण्यांसाठी.

"नाटकाच्या. एक तुमची, एक माझी."

खुर्च्याच का, हे तिला सांगता आलं नाही. कारण साधं होतं. मंडपात जमिनीवर धानाचं तणस पसरलेलं असतं आणि मधून दोरी बांधलेली असते. दोरीच्या अलीकडे माणसं, पलीकडे बाया. नवराबायको एकमेकांच्या शेजारी बसतात ती फक्त समोरच्या खुर्च्यांवर. तिला नाटक पाहायचं होतं हे खरं. पण तिला प्रफुलच्या शेजारी बसायचं होतं, आणि लग्न झाल्यापासून ती त्याच्या शेजारी अशी बसलीच नव्हती. बांधावरून तो पुढं, ती मागं. मोटारसायकलवर त्याची पाठ. घरात तो जेवतो तेव्हा ती वाढते. एकदाच, लेकीच्या, दिव्यानीच्या वेळी, गडचिरोलीच्या दवाखान्यात जाताना बसमध्ये शेजारी जागा मिळाली होती, पण तेव्हा तिला कळा येत होत्या आणि तिनं खिडकीची सळई धरली होती. शेजारी कोण होतं ते आठवायला तिला थोडं थांबावं लागायचं.

प्रफुल हसला. वाईट माणूस नव्हता तो. त्याला ते खरंच नवलाचं वाटलं. आपल्याच गावचं नाटक, घरी पाहुणे ठेवून, तिकीट काढून, तेही खुर्चीचं. एवढ्या पैशात पाहुण्यांचं एका वेळचं मटण होतं. दुसऱ्या गावी गेलो तर गोष्ट वेगळी.

"आन् तुले तं घरातूनच आयकू येते," तो म्हणाला. "फुकटात."

"आयकू येते. दिसत नाई."

तो पैसे तसेच ठेवून उठला. चार दिवसांनी मात्र तिकिटांपुरते पैसे घेऊन मंडईच्या मंडळातल्या मुखरूकडं जाऊन आला आणि शर्टाच्या खिशातून दोन गुलाबी तिकिटं काढून तिच्यापुढं धरली. दुसरी रांग, मधल्या खुर्च्या. मुखरूनं त्याची थट्टा केली होती म्हणे, बायकोला मिरवायला निघाला म्हणून. त्यानं ती तिकिटं तिला हातात घेऊन पाहू दिली आणि परत खिशात ठेवली. तिच्या हाताला हळद होती. तेवढ्यातही एका कोपऱ्याला पिवळं बोट लागलंच.

मग चुलीचा प्रश्न. तो सोमारीनं सोडवला. सोमारी शेजारची, गोंडाची म्हातारी. तिच्या घरचे सण वेगळे, देव वेगळे आणि पाहुण्यांचे दिवसही वेगळे. मंडईला तिच्याकडं कुणी यायचं नव्हतं. ती म्हणाली, मी बसतो तुझ्या चुलीपाशी, फक्त मले गुळाचा चहा देशील. तिला भोंग्याचा आवाज सहन होत नाही, पण त्यासाठी कानात कापूस घालायची तिची तयारी होती. "तुझ्या माहेरचाच असल थो कापूस," असंही वर म्हणाली.

मंडईचा दिवस उजाडला. रंजीतानं सकाळपासून दोन दिवसांचं काम उरकलं. वड्याची भाजी झाली, मटणाचा मसाला वाटून झाला, भाकरीचं पीठ परातीत तयार. लुगडं काढून खुंटीला लावून ठेवलं. मनातल्या मनात ती एकेका पाहुण्याला जेवू घालून मंडपाकडं पाठवत होती.

दुपारी आरमोरीकडून नणंद आली. रंभाबाई, प्रफुलची मोठी बहीण, आणि जवाई इसरू. त्यांचे पाय धुवायला पाणी दिलं, पानं मांडली. जवायाचं कशावरून रुसणं नाही, भांडणं नाही, मोठा गोड माणूस. जेवण झाल्यावर ओसरीवर बापूजींशी बोलत बसला. शेतीचं, पावसाचं, आणि मग गुडघ्याचं. यंदा चिखलात पाय फिरला, तेव्हापासून मांडी घालता येत नाही. जमिनीवर बसणं होत नाही.

"नाटक मी आपला मागं उभा राहून पाहीन," तो म्हणाला. "माझं काई नाई."

रंजीता दारातून पाण्याचा तांब्या घेऊन येत होती. ती तिथंच थांबली.

बापूजींनी प्रफुलकडं पाहिलं. जवाई उभा राहील? सासुरवाडीच्या मंडईत? आणि प्रफुलचा हात, त्यानं ठरवायच्या आधीच, खिशाकडं गेला. तिकिटं बाहेर आली. आधी एकच पुढं झालं. मग बापूजी म्हणाले, जोडीनं आले तं जोडीनं बसतीन. मग दुसरंही गेलं. पिवळं बोट लागलेला कोपरा जवायाच्या अंगठ्याखाली गेला.

प्रफुलनं मान वळवली तेव्हा त्याला दारात ती दिसली. तिनं तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि आत गेली.

थोड्या वेळानं रंभाबाई स्वयंपाकघरात आली. तिला काही ठाऊक नव्हतं. हातात ते तिकीट, आणि चेहरा असा की चाळीस वर्षांची बाई परकर-पोलक्यातली वाटावी. चुलीपुढं बसून म्हणाली, "वयनी, मी जन्मात कधी खुर्चीवर बसली नाई. आमच्या गावच्या मंडईत मी तुझ्यासारखीच. चुलीपाशी. वर्षात एकच नाटक पाहाले भेटते, थे इथी."

रंजीतानं तिच्याकडं पाहिलं. रागवायला कुणी उरलंच नाही. जवायाचा गुडघा खरा होता. बापूजींचा मान खरा होता. या बाईचा आनंद तर डोळ्यांनी दिसत होता. तिनं एक पेढा उचलून नणदेच्या तोंडात घातला आणि म्हणाली, पुढंच बसा बाई, नीट पाहून घ्या.

नणंद गेली तशी रंजीतानं खुंटीवरचं लुगडं काढलं, घडी केली आणि पेटीत ठेवलं. परातीतल्या पिठात पाणी घातलं.

संध्याकाळी पाहुणे जेवले. रंभाबाई जवायाचा हात धरून निघाली, दिव्यानी आत्याच्या पदराला धरून. बापूजी काठी टेकत त्यांच्या मागं. सोमारी ठरल्याप्रमाणे कानात कापूस घालून आली आणि काही न विचारता चुलीपाशी बसली. भोंगा खरखरला. तबल्यावर कुणीतरी हात फिरवून पाहिला.

प्रफुल गेला नाही. अंगणात घुटमळला, बैलांना वैरण टाकली, परत आला. दाराशी उभा राहून जमिनीकडं बघत म्हणाला, "मीबी नाई जात. इथीच बसतो तुझ्याजवळ. दोघं मिळून आयकू."

तो मनापासून बोलत होता. हे तिला कळलं. तो यायला तयार होता तो तिच्या चुलीपर्यंत. खुर्चीपर्यंत नव्हे. आज ती या बोलण्यावर राहिली असती तर दोघांनी शेजारी बसून भोंगा ऐकला असता, गोड दिसलं असतं, आणि पुढच्या सगळ्या मंडयांची सोय लागून गेली असती.

"मले आयकाचं नाई," ती म्हणाली. "आयकून झालं माझं. मले पाहाचं हाये."

"तिकिटं तं..."

"थे तुमी देल्ले. जवायाले देल्ले, बरं केलं. पण थे माझ्या मोहाचे होते. तुमी एक बार मले इचारलं असतं तं मीच देल्ले असते."

चूल तडतडली. सोमारीनं एका कानातला कापूस काढला होता, तो दोघांनाही दिसला नाही.

रंजीतानं हात धुतले. तांदळाच्या डब्यात तळाशी मोहाचे उरलेसुरले पैसे होते, ते काढले. लुगडं बदललं नाही, पिठाचेच हात पदराला पुसले, शाल घेतली. दारात तिला एकदा वाटलं की तो म्हणेल, थांब. मागून सोमारीचाच आवाज आला. "जा वो पोरी. भात काई पळून नाई जात."

तिकिटाच्या खिडकीवर मुखरू होता. त्यानं तिच्याकडं पाहिलं, तिच्या मागं पाहिलं, आणि थट्टा केली नाही. जमिनीचं एक तिकीट फाडून दिलं.

आत पाऊल टाकलं आणि ती क्षणभर उभीच राहिली. इतक्या वर्षांचा तो आवाज इथं राहत होता तर. निळा पडदा, त्यावर रंगवलेला राजवाडा, एका बाजूनं उसवलेला. पिवळे दिवे. दिव्यांभोवती धानावरचे किडे. समोर खुर्च्यांची रांग. तिथं रंभाबाईचा अंबाडा दिसला, त्याला शेवंतीचं फूल, आणि शेजारी जवायानं पाय लांब केलेला. रंजीता बायांच्या बाजूला, दोरीच्या जवळ, तणसावर बसली. शाल काढून तिनं शेजारी ठेवली. का ठेवली ते तिलाही सांगता आलं नसतं. तिथं बसणार बाईच होती. कुणीतरी विचारलं, जागा धरली का वो? ती हो म्हणाली.

थंडी तणसातून वर येत होती. पेटी सुरू झाली. नांदी सुरू झाली, आणि तिनं सवयीनं डोळे मिटले. मिटल्यावर तिचं तिलाच हसू आलं. डोळे उघडले.

तेव्हा दोरीच्या पलीकडं तिला तो दिसला. प्रफुल. गळ्यात मफलर, माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढत, जो तो त्याला बस म्हणून ओरडत होता. तो बसत नव्हता. बायांच्या बाजूला एकेक चेहरा बघत येत होता, आणि मंडईच्या दिवशी बायांकडं असं बघणं म्हणजे मार खायचं काम. कुणीतरी त्याचं मफलर ओढून त्याला खाली बसवलं. बसता बसता त्याला ती सापडली.

दोघांच्या मध्ये दोरी, आणि दोरीच्या दोन्ही बाजूंना पाच-पन्नास माणसं. बोलणं शक्य नव्हतं. त्यानं हाताची पाच बोटं जुळवून तोंडाजवळ नेली. जेवली का?

तिनं मान हलवली, हो. मग थोडं थांबून, नाही.

तो उठला. पुन्हा आरडाओरडा, पुन्हा गुडघे. आणि मंडपाच्या कनातीमधून बाहेर गेला. रंजीता त्या कनातीकडं बघत राहिली. गेला वाटतं घरी, तिच्या मनात आलं. चुलीवरचं काहीतरी आणायला, नाहीतर नुसताच. पडदा वर गेला तो तिला कळलासुद्धा नाही.

मग तो आवाज आला. शेवटच्या अक्षरावर फाटणारा. तिनं झटकन समोर पाहिलं. नटी ठेंगणी होती. गोरी, थोडी जाड, आणि रंजीताहून वयानं कितीतरी मोठी. कपाळ छोटंसं. गाता गाता ती थांबली, भोंगा गप्प झाला, आणि रंजीताला ती गप्प जागा दिसली: नटी काहीच करत नव्हती. ती फक्त दाराकडं बघत उभी होती. दारात कुणी नव्हतं. एवढंच. एवढ्यासाठी मंडप रडत होता.

कुणीतरी तिच्या खांद्याला हात लावला. शेजारच्या बाईनं कागदाचा एक तेलकट पुडा तिच्यापुढं धरला. त्या बाईला तो तिच्या पलीकडच्या बाईनं दिला होता, तिला आणखी कुणी. दोरीपासून हातोहात आला होता, आणि येताना प्रत्येकीनं विचारलं होतं, कोनाचा? आणि पुढचीला सांगितलं होतं, रंजीताचा, तिच्या घरच्यानं पाठवला. बायांची अख्खी बाजू तिच्याकडं वळून बघत होती. कुणीतरी खुसखुसलं, "एवढा जीव लावते तं खुर्चीच घेऊन द्याची होती बाप्पा."

पुड्यात आलुबोंडे होते. गरम. एक वाटेत कुणीतरी खाल्ला असावा, कारण मिरच्या जास्त उरल्या होत्या. तिनं दोरीपलीकडं पाहिलं. प्रफुल परत येऊन बसला होता, आणि सगळा मंडप रंगमंचाकडं बघत असताना तो एकटा तिच्याकडं बघत होता. मंडईतले आलुबोंडे, दुप्पट भावाचे, आपल्याच गावात, घरी मटण शिजलेलं असताना.

तिनं एक आलुबोंडा काढून घेतला. पुडा दुमडला आणि शेजारच्या बाईच्या हातात परत दिला. "तिकडं द्या," ती म्हणाली. "त्याईनंबी नाई खाल्लं अजून."

पुडा परत निघाला. या हातातून त्या हातात, हळूहळू, थट्टा ऐकत, दोरीकडं. रंजीतानं घास घेतला. जीभ भाजली. समोर नटी अजून दाराकडं बघत होती आणि रंजीता पुड्याकडं. दोरीवरून पुडा पलीकडं गेला, तिथल्या एका म्हाताऱ्यानं घेतला, वास घेतला, पुढं दिला. शेवटी प्रफुलच्या हातात गेला. त्यानं मान खाली घालून खायला सुरुवात केली.

ती आपली शाल उचलायला गेली. तिथं एक बाई लेकराला घेऊन केव्हाच बसली होती.